बिल ज्याच्या नावाचे, पोलीस त्याच्या दारी

अहमदाबादेत २६ जुलै २००८ च्या संध्याकाळी एकामागून एक बॉम्बस्फोट झाले. पन्नासहून अधिक माणसे प्राणाला मुकली. स्फोट सुरू होण्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना एक धमकीचा ई-मेल गेला होता. पोलिसांनी त्याचा माग काढला, तेव्हा तो निघाला नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका इमारतीतून. तिथे एक अमेरिकन गृहस्थ कुटुंबासह भाड्याने राहत होता. पोलीस दारात उभे राहिले, संगणक तपासणीसाठी नेले, चौकशा झाल्या, वर्तमानपत्रांत फोटो छापून आले. शेवटी निष्पन्न काय झाले? त्या माणसाचा कटाशी काही संबंध नव्हता. त्याच्या घरातले वायफाय असुरक्षित होते. कुणीतरी आसपास लॅपटॉप घेऊन आले, त्याच वायफायवरून ई-मेल पाठवून निघून गेले.

हे एकदाच घडले असते तर योगायोग म्हटले असते. पण त्याच वर्षी २३ ऑगस्टला दुसरा ई-मेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या वायफायवरून गेला. १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले, त्या वेळचा ई-मेल चेंबूरमधल्या एका खासगी कंपनीच्या वायफायवरून. एक घर, एक कॉलेज, एक कंपनी. तिघांचाही गुन्ह्याशी संबंध नाही, आणि तिघांनाही पोलिसांपुढे उभे राहावे लागले.

त्यानंतर सरकार जागे झाले. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी लॅपटॉप घेऊन फिरत उघडी वायफाय शोधण्याची मोहीम जाहीर केली. फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना वायफाय सुरक्षित करण्याविषयी सूचना काढल्या. आपल्याकडे मात्र त्या वेळी ही बातमी ‘मुंबईची भानगड’ म्हणून वाचून सोडून दिली गेली. ते साहजिकच होते. तेव्हा इच्छापुरात वायफाय होते कुणाकडे?

आज तसे म्हणता येणार नाही. इंदूर-इच्छापूर रस्त्यालगतच्या गावांत घराच्या भिंतीवरून काळी वायर आत येते, दिवाणखान्यात टीव्हीशेजारी एक डबी लुकलुकते. केळीचे भाव त्यावरच पाहतात, सुनेची माहेरशी व्हिडिओवर भेट त्यावरच होते, नातवाचा अभ्यासही त्यावरच. डबी घरातली झाली. तिची काळजी घ्यायची रीत मात्र अजून घरात आलेली नाही.

पत्ता घराचा कळतो, माणसाचा नाही

मुळात पोलीस सानपाड्याच्या त्या घरापर्यंत पोहोचले कसे? इंटरनेट कंपनी आपल्या कनेक्शनला एक आकडी पत्ता देते. त्याला आयपी पत्ता म्हणतात. आपण ई-मेल पाठवला, व्हिडिओ पाहिला, पैसे भरले, की समोरच्या संगणकावर या पत्त्याची नोंद होते. पुढे काही गुन्हा घडला तर पोलीस तो पत्ता आणि वेळ घेऊन कंपनीकडे जातात. कंपनी आपल्या नोंदी पाहून सांगते, त्या वेळी हा पत्ता अमुक ग्राहकाकडे होता. अशा नोंदी किमान दोन वर्षे जपून ठेवण्याचे बंधन डिसेंबर २०२१ पासून कंपन्यांवर आहे.

आता गोम अशी, की हा पत्ता घरापर्यंत येऊन थांबतो. घरातल्या कुणी केले, शेजाऱ्याच्या मुलाने केले, की रस्त्यावर मोटारसायकल लावून बसलेल्या अनोळखी माणसाने केले, हे त्यातून कळत नाही. कंपनीच्या वहीत एकच नाव असते. ज्याच्या आधारकार्डावर कनेक्शन घेतले त्याचे. बहुतेक घरांत ते नाव वडिलांचे किंवा आजोबांचे असते, आणि त्यांना त्या डबीतले ओ की ठो ठाऊक नसते.

बॉम्बस्फोटाचे उदाहरण कुणाला दूरचे वाटेल. मग जवळचे घेऊ. लहान मुलांच्या अश्लील चित्रफिती पाहणे, साठवणे, पुढे पाठवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गंभीर गुन्हा आहे. एप्रिल २०१९ मध्ये आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने अमेरिकेतल्या एका बालसंरक्षण संस्थेशी करार केला. तेव्हापासून असा मजकूर कुठून चढवला गेला याची माहिती तिकडून येते, राज्याराज्यांच्या पोलिसांकडे वाटली जाते. त्या माहितीत असतो काय, तर हाच आयपी पत्ता. वायफाय कुणा तिसऱ्याने वापरले आणि पोलीस आले भल्या माणसाच्या ओट्यावर, असे झाले तर काय होईल याची कल्पना करा. चौकशीत तो निर्दोष ठरेलही. पण घरातले मोबाइल, लॅपटॉप तपासणीला जातील, आणि गावात कुजबूज सुरू होईल ती वेगळीच. निर्दोष असल्याचा निकाल कुणी चावडीवर वाचून दाखवत नाही.

शेजारधर्माचे काय करायचे?

इथे आपल्यासारख्या गावांपुढे खरा पेच आहे. शहरातल्या लेखांत सरळ लिहिलेले असते, ‘पासवर्ड कुणालाही देऊ नका.’ लिहायला सोपे आहे. पण आपल्याकडे दारी आलेल्याला पाणी नाकारत नाहीत, ताक मागायला आलेल्या शेजारणीचे भांडे रिकामे परत पाठवत नाहीत. २०२० साली टाळेबंदीत शाळा मोबाइलवर भरू लागली, तेव्हा वायफाय असलेल्या घरांच्या ओट्यावर शेजारपाजारची पोरे वह्या घेऊन बसत. त्यांना हाकलणे योग्य ठरले असते का? मुळीच नाही.

पण पाणी देणे वेगळे आणि विहिरीचा दोर कायमचा दुसऱ्याच्या हाती देणे वेगळे. एकदा सांगितलेला पासवर्ड परत घेता येत नाही. शेजारच्या मुलाला दिला, त्याने मित्राला दिला, मित्राने आपल्या मोबाइलवर जपून ठेवला. सहा महिन्यांनी आपल्या वायफायवर कोण कोण आहे हे आपल्यालाच ठाऊक नसते.

यावर तोडगा आहे आणि तो फुकट आहे. आजकालच्या बहुतेक डब्यांमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ नावाची सोय असते, म्हणजे पाहुण्यांचे वेगळे वायफाय. त्याचे नाव वेगळे, पासवर्ड वेगळा. पाहुणे इंटरनेट वापरतात, पण घरातला संगणक, कॅमेरा, टीव्ही यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत. लग्नाचे वऱ्हाड आले, भाचे सुट्टीला आले, तर ते सुरू करावे. गेले की बंद करावे. मात्र एक ध्यानात असू द्या. कंपनीच्या नोंदीत पाहुण्यांचेही इंटरनेट आपल्याच नावावर पडते. म्हणून तेही ओळखीच्याच माणसाला द्यावे.

दुकानदारांनी गिऱ्हाइकाला वायफाय द्यायचे असेल तर सरळ मार्ग आहे. घरगुती कनेक्शन परस्पर विकू नये. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या ‘पीएम-वाणी’ योजनेत किराणा दुकान किंवा चहाची टपरीसुद्धा परवान्याशिवाय सार्वजनिक वायफाय केंद्र होऊ शकते. तिथे वापरणाऱ्याची नोंद त्याच्या स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर होते. जबाबदारी ज्याची त्याच्याकडे राहते.

तरुण वाचकांसाठी दोन शब्द. दुसऱ्याचे वायफाय परवानगीशिवाय वापरणे हा अनेकांना चतुराईचा खेळ वाटतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र अप्रामाणिक हेतूने केलेला असा शिरकाव गुन्हा आहे. कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नोकरीच्या वयात असा डाग परवडणारा नाही.

एका डबीची दोन कुलपे

वायफायच्या डबीला दोन पासवर्ड असतात, हे पुष्कळांना माहीत नसते. पहिला आपण मोबाइलमध्ये टाकतो तो, वायफायला जोडण्याचा. दुसरा त्या डबीच्या आतल्या सेटिंगमध्ये शिरण्याचा. पहिला लोक बदलतात. दुसरा कारखान्यातून आला तसाच राहतो, आणि तो बऱ्याचदा ‘अ‍ॅडमिन’ असा सगळ्या जगाला ठाऊक असलेला शब्द असतो. म्हणजे पुढच्या दाराला भक्कम कुलूप आणि मागच्या दाराची किल्ली चौकटीवरच ठेवलेली.

या दुर्लक्षाचा फटका देशाने जुलै २०१७ मध्ये पाहिला. बीएसएनएलच्या ब्रॉडबँड ग्राहकांच्या हजारो मोडेमांवर एका घातक प्रोग्रामने हल्ला केला. ज्यांचा आतला पासवर्ड मूळचाच होता असे मोडेम त्याने नेमके शोधले आणि निकामी केले. कर्नाटकात त्याचा मोठा त्रास झाला. कंपनीने ग्राहकांना सांगितले, मूळचा पासवर्ड ताबडतोब बदला. त्याआधी ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रामने जगभरातले घरगुती कॅमेरे आणि राउटर असेच ताब्यात घेतले होते. त्याच्याजवळ काही जादू नव्हती. कारखान्यातल्या साठेक पासवर्डांची यादी होती, आणि ती पुरली. त्या घरांतल्या यंत्रांची फौज करून अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या गेल्या. ज्यांच्या घरातले कॅमेरे त्या हल्ल्यात सामील होते त्यांना त्याची गंधवार्ताही नव्हती.

बुऱ्हाणपूरच्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगायला लांब जायची गरज नाही. आपला कुंडी भंडारा पाहा. १६१५ साली अब्दुल रहीम खानखानाच्या काळात सातपुड्यातून पाझरणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्याने शहरापर्यंत आणले गेले. वरून पाहिले तर वेगवेगळ्या विहिरी, खाली मात्र पाणी एकच. एका कुंडीत कुणी घाण टाकली तर पुढच्या सगळ्यांनी तेच पाणी प्यायचे. इंटरनेटही तसेच आहे. आपली डबी बिघडली की त्रास आपल्यापुरता राहत नाही.

कंपनीचा इशारा येतो तेव्हा

अशी बाधा झालेली यंत्रे शोधण्यासाठी केंद्र सरकारने २१ फेब्रुवारी २०१७ रोजी ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केले. देशाच्या सायबर सुरक्षेची जबाबदारी असलेली ‘सर्ट-इन’ ही संस्था ते चालवते. एखाद्या आयपी पत्त्यावरून घातक हालचाल दिसली की केंद्र इंटरनेट कंपनीला कळवते आणि कंपनी ग्राहकाला एसएमएस किंवा ई-मेल धाडते. ‘तुमच्या कनेक्शनवरच्या एखाद्या यंत्राला बाधा झालेली असू शकते, ते साफ करून घ्या,’ असा त्याचा आशय असतो.

हा इशारा बहुधा इंग्रजीत येतो. घरात त्याचे दोनच परिणाम होतात. एक तर ‘काहीतरी जाहिरात असेल’ म्हणून तो पुसला जातो, नाहीतर आबांचा रक्तदाब वाढतो. ‘आता लाइन कापणार, पोलीस येणार!’ दोन्ही चुकीचे. हा इशारा म्हणजे आरोप नव्हे. मलेरियाचा कर्मचारी येऊन ‘तुमच्या टाकीत डासांच्या अळ्या आहेत’ सांगतो, तसाच तो प्रकार. घाबरायचे नाही आणि उडवूनही लावायचे नाही.

पण ठगांनी याच भीतीचा धंदा केला आहे. ‘ट्रायमधून बोलतोय, दोन तासांत तुमचा नंबर बंद होणार,’ ‘तुमच्या इंटरनेटवरून अश्लील व्हिडिओ गेले, पोलिसांशी बोला,’ असे फोन येतात. मग व्हिडिओवर खाकी वर्दीतला माणूस, मागे अशोकस्तंभ, आणि ‘डिजिटल अरेस्ट’ची धमकी. या ठगीवर २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांना बोलावे लागले, यावरून तिचा पसारा कळावा. कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच नाही. आणि ट्राय ही नियम करणारी संस्था आहे. कुणा ग्राहकाचा नंबर बंद करण्यासाठी ती फोन करत नाही. तसे ट्रायने स्वतःच जाहीर केले आहे.

मग खरा इशारा आणि खोटा इशारा ओळखायचा कसा? खरा इशारा आपल्याला काम सांगतो: पासवर्ड बदला, मोबाइल तपासा. खोटा इशारा आपल्याकडून काहीतरी मागतो: पैसे, ओटीपी, आधारक्रमांक, मोबाइलचा पडदा दिसणारे अ‍ॅप. खरा इशारा चार दिवस थांबतो. खोट्याला दम धरवत नाही. ‘फोन ठेवू नका, घरात कुणाला सांगू नका’ असे तो बजावतो. घरात सांगू नका, हे वाक्य ऐकले की समजावे, समोर ठग आहे.

एसएमएस ज्या नावाने येतो तेही पाहावे. २०२५ पासून अशा नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असते. सरकारी संदेशाला ‘जी’, जाहिरातीला ‘पी’, सेवेविषयीच्या संदेशाला ‘एस’. साध्या दहा आकडी मोबाइल क्रमांकावरून ‘सरकारी’ इशारा आला तर त्यावर विश्वास ठेवू नये. आणि संदेश खरा वाटला तरी त्यातल्या लिंकवर बोट ठेवू नये. सायबर स्वच्छता केंद्राचा पत्ता स्वतः टाइप करावा: सीएसके डॉट जीओव्ही डॉट इन. तिथे बाधा काढून टाकण्याची साधने मोफत मिळतात. कंपनीला विचारायचे असेल तर बिलावर छापलेल्या क्रमांकावर आपण फोन करावा. त्यांनी दिलेल्या क्रमांकावर नव्हे.

इशारा खरा असेल तर

घरातल्या सगळ्या वस्तूंची मोजदाद करा. मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही, कॅमेरा, टीव्हीला लावायचा बॉक्स. डबीच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या यंत्रांची यादी दिसते. त्यात अनोळखी नाव दिसले तर शंका घ्या. स्वस्तात मिळालेल्या, कंपनीचे नाव नसलेल्या अँड्रॉइड टीव्ही बॉक्सवर विशेष लक्ष असू द्या. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ‘बॅडबॉक्स २.०’ या नावाने इशारा दिला, की असे काही बॉक्स खरेदीच्या आधीच बाधा घेऊन येतात आणि घरातले इंटरनेट गुन्हेगारांना वापरायला मोकळे करतात. ‘सगळे सिनेमे फुकट’ देणाऱ्या बॉक्सची किंमत अशी वसूल होते.

त्यानंतर पुढची कामे. घरात कुणी जाणता नसेल तर कनेक्शन जोडून देणाऱ्या माणसाला बोलवावे आणि समोर बसून करवून घ्यावीत.

१. डबीवरचे बारीक छिद्र काडीने दहा-पंधरा सेकंद दाबले की ती मूळ स्थितीत येते. मात्र त्याने कनेक्शनची माहितीही पुसली जाते, म्हणून हे काम जोडणाऱ्या माणसाकडूनच करून घ्यावे.

२. दोन्ही पासवर्ड बदला. डबीच्या आत शिरायचा पत्ता तिच्या मागच्या चिठ्ठीवर असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा तत्सम. बदललेले पासवर्ड जोडून देणाऱ्याच्या नव्हे, आपल्या वहीत लिहा.

३. पासवर्ड लांब हवा. मुलाचे नाव आणि जन्मसाल, मोबाइल क्रमांक, ‘इच्छादेवी’ आणि १२३ हे नको. गावातले पोरगेही ओळखील. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द इंग्रजी अक्षरांत जोडावेत, उदाहरणार्थ केळफूल, टांगा, सतरा, पाटी. लक्षात राहतो आणि फुटत नाही. (छापलेला हा मात्र वापरू नका!)

४. सुरक्षेचा प्रकार ‘डब्ल्यूपीए२’ किंवा ‘डब्ल्यूपीए३’ ठेवा. ‘डब्ल्यूईपी’ हा जुना प्रकार २००१ सालीच फुटला आहे. डबीवर तेवढाच असेल तर डबी बदलण्याची वेळ आली.

५. ‘डब्ल्यूपीएस’ म्हणजे बटण दाबून जोडण्याची सोय बंद करा. तिचा दोष २०११ मध्ये उघड झाला. बाहेरून डबी हाताळण्याची ‘रिमोट मॅनेजमेंट’ सोयही गरज नसेल तर बंद ठेवा.

६. डबीचे सॉफ्टवेअर अद्ययावत करून घ्या. अनेक डब्यांत ते आपोआप होते. होते की नाही ते विचारा.

दोन राज्यांच्या मध्ये

आपल्या भागाची एक खास अडचण आहे. कनेक्शन मध्य प्रदेशातले, बँकेचे खाते मुक्ताईनगरचे किंवा रावेरचे, मोबाइलचे सिम जळगावला घेतलेले, आणि मुलगा पुण्याला. फसवणूक झाली तर तक्रार कुठे करायची? ‘तुमची हद्द तिकडची’ या वाक्याच्या भीतीने लोक दोन-तीन दिवस घालवतात. त्या वेळात पैसे दहा खात्यांतून फिरून नाहीसे होतात.

तेव्हा हे पाठ करून ठेवा. पैसे गेले तर तत्काळ १९३० वर फोन. हा क्रमांक साऱ्या देशाला एकच आहे. बुऱ्हाणपूरहून लावा की जळगावहून. जितक्या लवकर फोन, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. लेखी तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या राष्ट्रीय पोर्टलवर करता येते. पैसे गेले नाहीत, पण संशयास्पद फोन किंवा संदेश आला, तर ‘संचार साथी’ पोर्टलवरच्या ‘चक्षू’ सोयीत कळवावे. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. गुन्हा कुठे घडला हा मुद्दा आड येत नाही. ठाण्यात गेलात तर शांतपणे या कलमाचा उल्लेख करावा.

आपले वायफाय कुणी वापरले असा संशय आला, तर डबी लगेच मूळ स्थितीत आणू नका. आधी जोडलेल्या यंत्रांच्या यादीचा फोटो काढा, तारीख-वेळ लिहा, कंपनीला लेखी कळवा आणि तक्रारीची पोच जपून ठेवा. उद्या प्रश्न उभा राहिलाच, तर ‘मी अमुक दिवशी कळवले होते’ हे सांगायला तो कागद उपयोगी पडेल.

खंडेनवमीला एक फूल डबीलाही

हे सगळे एकट्या घरमालकाने करायचे नाही. ज्याच्या नावावर कनेक्शन आहे त्याला, म्हणजे आजोबांना, निदान इतके तरी मुलांनी समजावून सांगावे, की त्यांच्या नावावर काय चालू आहे आणि कोणता फोन आला तर ठेवून द्यायचा. नातवाने पासवर्ड मित्रांत वाटायचा असेल तर आधी घरात विचारावे. घरात बोलणे असले, की ठगाचे ‘कुणाला सांगू नका’ चालत नाही.

खंडेनवमीला आपण विळा-कोयता, लूम, शिलाई मशीन, वह्या-पुस्तके पूजतो. अलीकडे संगणकालाही गंध लागते. त्या दिवशी हत्यार नुसते पुजायचे नसते. त्याआधी ते घासूनपुसून, धार लावून ठेवायचे असते. तसेच वर्षातून एकदा त्याच दिवशी वायफायची डबी खाली काढावी. तिच्यावरची धूळ पुसावी, दोन्ही पासवर्ड बदलावेत, जोडलेल्या यंत्रांची यादी घरातल्या सगळ्यांनी मिळून वाचावी, नवा पासवर्ड वहीत लिहावा. अर्ध्या तासाचे काम आहे. फूल मग वाहावे.